उंदराचं लिव्हर आणि माणसाचं

लिव्हरसाठीच्या वनौषधींवरचा लेख आवडला, पण त्यातलं 'हळद, कुटकी, भुईआवळीतले घटक फायब्रोसिस मागे हटवतात' हे वाक्य फार घाईचं वाटलं. (फायब्रोसिस म्हणजे लिव्हरमध्ये व्रणासारखे तंतू साचून ते घट्ट होणं.) असे बरेच प्रयोग उंदरांवरचे असतात. कार्बन टेट्राक्लोराइड हे विष टोचून त्यांचं लिव्हर खराब करतात आणि पुष्कळदा वनस्पतीचा अर्क त्याच काळात चालू असतो. मग विषाची झळ कमी लागली की साचलेलं कोलॅजन (म्हणजे ते तंतू) विरघळलं, हे कसं कळणार? माणूस डॉक्टरकडे पोचतो तेव्हा त्याचं लिव्हर वर्षानुवर्षं घट्ट होत आलेलं असतं.

त्यात हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालतात, आणि अशा कॅप्सूलांनी काहींच्या लिव्हरलाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. (भाजीत हळद निर्धास्त घाला.)

माणसांवर काम झालंय ते सिलिमारिनवर, म्हणजे मिल्क थिसल या वनस्पतीच्या बियांतल्या अर्कावर. मलेशियातली २०१७ ची चाचणी पाहा: ९९ रुग्ण, ४८ आठवडे, बायोप्सीसकट (लिव्हरचा तुकडा काढून तपासणी). मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, पण फायब्रोसिस काहींचा कमी दिसला. लेखात हिचा उल्लेख हवा होता.

आणि गुळवेल! कोरोनात घरोघरी काढे उकळत होते, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले. वनस्पतीची नीट ओळख पटवली नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. रास्तच. पण बाजारातल्या चूर्णाच्या पुडीवरून तरी ती कुणाला पटते? ज्यांचा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी) आधीच बिघडलेला आहे, त्यांनी काय घेतोय ते डॉक्टरांना सांगूनच घ्यावं.