गेम खेळून सर्जन होता येतं?

‘व्हिडिओ गेम खेळणारे सर्जन ३७ टक्के कमी चुका करतात, तेव्हा मुलांना खेळू द्या’ असा मेसेज फिरतोय. आकडा खरा आहे, अर्थ मात्र फार ताणलाय.

न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातला हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्जन जेमतेम ३३, त्यातले बरेचसे शिकाऊ. चुका मोजल्या त्या पेशंटवर नव्हे, सरावात: स्क्रीनकडे बघत लांब चिमट्यांनी दोरी या हातातून त्या हातात द्यायची, असल्या कसरतींत. खेळल्यामुळे हात बसला, की मुळात हात चपळ असलेलेच गेमकडे वळले, हे त्यातून ठरत नाही. आणि गेम तरी कुठले? निव्वळ करमणुकीचे. एकात तर चेंडूत बसलेलं माकड घरंगळत जातं!