सोडा वेगळा, व्हिनेगर वेगळं!

सकाळी सकाळी ग्रुपवर पुन्हा तोच घरगुती क्लीनरचा व्हिडिओ, पुन्हा तीच बाटली. स्प्रेच्या बाटलीत २०० मिली व्हिनेगर, त्यात तीन चमचे खायचा सोडा, वरून भांडी घासायच्या लिक्विडची धार. फस्सकन फेस येतो, मागचं संगीत चढतं, झाकण गच्च बसतं आणि "वर्षभर टिकतं" असं सांगून बाई हसतात. खाली बदामाच्या इमोजींचा पाऊस.

अहो, तो फेस म्हणजे स्वच्छता नव्हे! आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवताहेत, तेवढंच दिसतंय. ५ टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर १०० मिलीला ७ ग्रॅम सोडा पुरतो. २०० मिलीला १४. तीन सपाट चमचे साधारण तेवढेच भरतात. म्हणजे माप इतकं झकास जमलंय की व्हिनेगरही संपलं आणि सोडाही संपला. उरलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सोडियम ॲसिटेट. मग त्या बाटलीने ओटा निघतो कसा? लिक्विडमुळे! ज्याला "केमिकल" म्हणून नावं ठेवत व्हिडिओ सुरू झाला, तेच बिचारं सगळं काम करतंय.

आणि ते झाकण. एवढ्या मापातून जवळजवळ ४ लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. बराचसा फेसाबरोबर निघून जातो, पण सोड्याचा गोळा तळाशी राहिला तर तो मागाहून विरघळत बसतो आणि बंद बाटलीत दाब चढतो. बाटली काचेची असेल तर बोलायलाच नको.

बरं, हेच मिश्रण तुंबलेल्या मोरीत ओतलं तर उसळत्या फेसाने जाळीवरची सुटी घाण थोडी वर येते, मान्य. पण पाइपात अडकलेला केसांचा बोळा त्याने हलत नाही. तिथे तारच घालावी लागते.

दोघांची कामंच वेगळी आहेत हो. सोडा घासायला: ३ भाग सोडा, १ भाग पाणी, दाट लेप, पंधरा-वीस मिनिटं ठेवून ओल्या फडक्याने घासा. नीट पुसलं नाही तर वाळल्यावर पांढरी पूड उमटते, मग लोक म्हणतात सोडा वाईट. व्हिनेगर क्षारांसाठी: फडकं भिजवून नळाच्या तोंडाला अर्धा तास गुंडाळा, मग धुवा. काचेला १ भाग व्हिनेगर, ४ भाग पाणी. संगमरवराला मात्र थेंबही नको. नळावरचा क्षार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवरही तेच. व्हिनेगरला काय कळणार कोणतं खायचं आणि कोणतं सोडायचं? फरशांमधल्या सिमेंटच्या सांध्यांचंही तसंच.

किटलीला सायट्रिक ॲसिड बरं. १ लिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम, अर्धा तास. उकळू नका. क्षार जास्त असतील तर तापल्यावर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा थर धरतो, आणि तो निघता निघत नाही.

तेलकट चिकटा असेल तर धुण्याचा सोडा, १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा, हातमोजे घालूनच. तो घरी होतो: खायचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, मधे एकदा हलवून. झाला की नाही ते वजन सांगतं. १०० ग्रॅमचे ६३ उरले की झाला. ७५ भरले तर परत आत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हा लावू नका, काळी पडतात.

आता बायो-एन्झाइमवाले, म्हणजे फळांच्या साली आंबवून क्लीनर करणारे. १ भाग गूळ, ३ भाग लिंबू-संत्र्याच्या साली, १० भाग पाणी, प्लॅस्टिकचा डबा पाऊण भरून ३ महिने. पहिला महिना रोज झाकण उघडायचं, कारण इथेही वायूच. पांढरा पातळ थर आला तर चालतं, काळी-हिरवी बुरशी दिसली तर सरळ फेका. फरशीला छान आहे. पण नाव काहीही असो, ते मुख्यतः सौम्य आम्लच. म्हणजे संगमरवराचा नियम त्यालाही लागू!

रिठ्याचं पाणी मला या सगळ्यात प्रामाणिक वाटतं. बिया काढलेले १०० ग्रॅम रिठे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, अर्धा तास मंद उकळा, गाळा. फेस कमी येतो, काम होतं. फ्रीजमध्येही आठवड्याभरात आंबतं, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पाण्यात केलेलं आणि टिकाऊ काही न घातलेलं "वर्षभर टिकतं" म्हणणाऱ्याला खुशाल खोटारडा म्हणा.

एका बाबतीत मात्र माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही. क्लोरीनचं ब्लीच व्हिनेगरमध्ये, लिंबात किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. "थोडंसंच घातलं" हे फुप्फुसांना सांगा.

पुढे पाठवणाऱ्यांवर राग नाही. घरात विषारी काही नको, ही इच्छा चांगलीच आहे, माझीही तीच आहे. म्हणून तर एवढं टाइप केलं. फक्त बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी पाणी समजून उचलेल.

आणि सकाळची ती बाटली कोणी भरून ठेवली असेल तर आधी झाकण सैल करा. ओतून देऊ नका, भांडी घासायला घ्या. लिक्विड आहेच त्यात.