ती ओंजळ डोळ्यासमोरून जात नाहीये

परवा भर दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर डिलिव्हरीवाला पोरगा, असेल वीस-बावीसचा, पार्सल दिलं, ओटीपी घेतला आणि जाता जाता हळूच म्हणाला, 'ताई, थोडं पाणी मिळेल का?' अकोल्यातला मे महिना, पारा 44 च्या वर, तोंडाला रुमाल बांधलेला, आणि घोटभर पाणी मागायला तो इतका अवघडला होता की मलाच कसंतरी झालं. मी ग्लास पुढे केला तर घेतलाच नाही त्याने, खाली वाकून ओंजळ धरली. 'वरूनच ओता ताई, ग्लासला तोंड लावलं की काही काही लोक चिडतात.'

ही ओंजळ मी आधी पाहिलेली आहे म्हणून जास्त लागलं.

आमचे आबा गावात एसटी स्टँडजवळ पाणपोई चालवायचे, पाडव्याला सुरू ते पार मृग लागेपर्यंत. लिंबाखाली वाळूवर दोन रांजण, भोवती ओलं तरट, आत वाळ्याची जुडी, झाकणावर ओगराळं. रोज पहाटे रांजण आतून घासून ताजं पाणी भरायचे, एक दिवस खाडा नाही. 'आबा, जीव थंड झाला' असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा! पण त्याच पाणपोईवर काही माणसं पेल्याला हात लावायची नाहीत, लांब उकिडवी बसायची आणि आबा वरून धार सोडायचे. मी विचारलं तर 'त्यांचं तसंच असतं' एवढंच उत्तर. आबा वाईट नव्हते हो, अख्ख्या गावाला पाणी पाजणारा माणूस तो. पण देणाऱ्याचा हात वर आणि घेणारा खाली उकिडवा, याला मी आज पूर्ण चांगुलपणा म्हणू शकत नाही, आबांवर कितीही जीव असला तरी.

आणि जुना काळ होता म्हणून सोडून तरी कसं द्यायचं? पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला ते साल 1868. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले, स्वतः ओंजळीने पाणी प्यायले, ती तारीख 20 मार्च 1927. आबांची पाणपोई त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि माझ्या दारातला पोरगा तर आत्ताचा, मोबाईलवाला, तरी ओंजळ तीच.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं गेटवर माठ ठेवूया. सगळे हो म्हणाले, मग एक काका म्हणाले, 'ठेवा, पण त्यांच्यासाठी ग्लास वेगळे ठेवा.' मी म्हटलं नाही काका, घरातलेच स्टीलचे पेले ठेवायचे आणि येता-जाता आपणही तिथेच प्यायचं, नाहीतर माठ नकोच. बरीच वादावादी झाली, दोघं-तिघं अजून बोलत नाहीत माझ्याशी. असू दे. माठ मी आणला, पेले शेजारच्या काकूंनी दिले, त्यांच्या रुखवतातले!

काल संध्याकाळी खाली गेले तर माठ कोरडा. वॉचमन दादा पेले घासून पालथे घालत होते, म्हणाले, 'ताई, एकाने भागत नाही.' उद्या दुसरा आणतेय. कुणाकडे जुनं ओगराळं पडून असेल तर प्लीज सांगा, बाजारात शोधलं, मिळालं नाही.