दोघेच उरले की बाउंटीसाठी कॉल? हिशेब तसं सांगत नाही

मुंबईतल्या पोकरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: 'बाउंटी टुर्नामेंटमध्ये हेड्स-अप आलात की समोरच्याच्या डोक्यावरची रक्कम पॉटमध्ये धरा आणि त्याच्या ऑल-इनला बिनधास्त कॉल करा. तुमची बाउंटी मोठी असेल तर मात्र जपून.' (बाउंटी म्हणजे खेळाडूच्या डोक्यावरची रक्कम, त्याला बाद करणाऱ्याला मिळते. हेड्स-अप म्हणजे शेवटचे दोघेच उरणं. ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स लावणं, कॉल म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्या आपणही लावणं, फोल्ड म्हणजे हात सोडणं. पॉट म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स.) २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाल्यावर अशा टुर्नामेंटसाठी गाडी गोव्याकडेच वळते, आणि तिथे हेड्स-अप काही रोज वाट्याला येत नाही. म्हणून आकडे मांडून बघू.

पहिलं बक्षीस १,००,००० रुपये, दुसरं ७०,०००. तुमची बाउंटी २०,०००, समोरच्याची ३०,०००. जिंकणाऱ्याला समोरच्याची बाउंटी मिळते आणि स्वतःचीही राहते, म्हणजे एकूण १,५०,०००. हरणाऱ्याला ७०,०००. लढाई आहे ती मधल्या ८०,००० ची.

आता 'पॉटमध्ये धरा'. तुमच्याकडे २८ बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी एकाने सक्तीने लावायची रक्कम; चिप्स याच एककात मोजतात), त्याच्याकडे १२, अँटे (सगळ्यांनी भरायची जादा सक्तीची रक्कम) नाही. तुम्ही बिग ब्लाइंडवर, म्हणजे तुमचा १ आधीच पॉटमध्ये आहे. तो स्मॉल ब्लाइंडवरून (छोटी सक्तीची रक्कम लावणारी जागा) ऑल-इन जातो. १३ च्या पॉटसाठी तुम्हाला आणखी ११ घालायचे आहेत, म्हणजे ११ भागिले २४, ४५.८ टक्के इक्विटी (हात जिंकण्याची शक्यता) हवी. हेच पैशांत: फोल्ड केलंत तर ४० पैकी २७ ब्लाइंड उरतात, किंमत ७०,००० अधिक ८०,००० चा २७/४० वाटा, म्हणजे १,२४,०००. कॉल करून हरलात तर १६ उरतात, त्याच हिशेबाने किंमत १,०२,०००. जिंकलात तर १,५०,०००. ना नफा ना तोटा व्हायला, हजारांत, २२ (१२४ वजा १०२) भागिले ४८ (१५० वजा १०२), पुन्हा ४५.८ टक्केच! त्याच्या बाउंटीचे ३०,००० आधीच १,५०,००० मध्ये मोजलेत. पॉटमध्ये टाकले की दुसऱ्यांदा मोजले जातात. ४० टक्क्यांच्या हाताने कॉल केलात तर सरासरी २,८०० रुपये जातात.

सल्ला उगवला कुठून तेही कळतं. टेबलावर तीन किंवा जास्त खेळाडू असताना बाउंटी पॉटमध्ये धरणं बरोबर आहे, कारण तुम्ही फोल्ड केलंत तर ती बाउंटी तिसराच उचलू शकतो, आणि ती मिळवायला तुमचा स्टॅक (समोरच्या चिप्सचा साठा) निदान त्याच्याएवढा हवा. दोघांत तिसरा नाही. आज फोल्ड केलेली बाउंटी पुढच्या हातातही तिथेच असते. त्यामुळे एका हातात मोठ्याला बाद करू न शकणाऱ्या छोट्या स्टॅकवाल्याचंही यात वेगळं नुकसान नाही.

'तुमची बाउंटी मोठी असेल तर जपून' याला तर काहीच आधार नाही. कोणाच्या डोक्यावर किती, याने फरक पडत नाही. दोन्ही रकमा एकाच ढिगात आहेत.

समोरचा हा सल्ला मानणारा असेल तर मात्र डाव बदला. तो भसाभस कॉल करणार, तेव्हा ७-५, ८-६ सारखे हात ऑल-इन ढकलणं बंद करा. एक्का, राजा आणि जोड्या मात्र खुशाल ढकला.

खरा घोळ डीलच्या वेळी होतो, म्हणजे दोघे खेळ थांबवून पैसे आपसांत वाटून घेतात तेव्हा. चिप्सप्रमाणे फक्त पहिल्या-दुसऱ्या बक्षिसातला ३०,००० चा फरक वाटला आणि ज्याची बाउंटी त्याने ठेवली, तर वरच्या २८ विरुद्ध १२ मध्ये तुम्हाला १,११,००० मिळतात, त्याला १,०९,०००. पूर्ण ८०,००० चिप्सच्या प्रमाणात वाटले तर तुमचे १,२६,००० होतात आणि त्याचे ९४,०००. सही करण्याआधी बाउंट्या धरून वाटप मागा.