पहिली दहा मिनिटं फोटोग्राफरला? उलटं करा!

डिसेंबर आला की पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव, आणि त्याच्या मागेपुढे छोट्या-मोठ्या मैफलींची नुसती रांग, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. बऱ्याच ठिकाणी आयोजक फोटोग्राफर मंडळींना सांगतात, पहिली दहा मिनिटं काय काढायचे ते फोटो काढून घ्या आणि मग बाजूला व्हा. ऐकायला एकदम शिस्तीचं वाटतं. पण ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गाण्याच्या मैफलीसाठी हा नियम साफ उलटा आहे असं माझं मत आहे.

रॉकच्या कॉन्सर्टला असाच नियम असतो, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. तिकडे ठीकच आहे, पहिल्या गाण्यापासून दणका असतो, शटर कोणाला ऐकू जाणार? आपल्याकडे पहिल्या दहा मिनिटांत काय चाललेलं असतं? गायक षड्ज म्हणजे सा लावतोय, तानपुऱ्यात आवाज मिसळतोय का बघतोय, दोन स्वरांच्या मधे मुद्दाम जागा सोडतोय आणि नेमका त्या जागेत समोरून खटखटखटखट! बर्स्ट मोड, एका दाबात धडाधड फोटो! अहो तिथे मारवा राग चाललाय, त्यात गायक षड्जावर यायचं टाळत टाळत ताण वाढवत नेतो, आणि शेवटी तो सा लागतो तेव्हा तुमचा कॅमेरा पुढे. गायिका किशोरीताई आमोणकर श्रोत्यांकडून शांतता मागायच्या तर लोक त्यांनाच तऱ्हेवाईक म्हणायचे.

बरं, फोटोच्या दृष्टीने पण ही दहा मिनिटं काही खास नसतात. विलंबितात, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीत, बऱ्याचदा डोळे मिटलेले, हात मांडीवर, समोर माइक. खरी मजा द्रुतात, म्हणजे पुढच्या जलद लयीत असते, तान घेताना हात वर जातो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना गायक तबलजीकडे बघून हसतो, हॉलमधून वा येते, त्या आवाजात शटर आपोआप बुडून जातं. फक्त सम कुठे येतेय ते कळायला हवं, म्हणजे थोडं गाणं ऐकायला हवं 😀 फोटोग्राफर सतीश पाकणीकरांनी रोलच्या जमान्यात काढलेले भीमसेन जोशींचे फोटो बघा. एका रोलमध्ये ३६ फ्रेम, बर्स्ट मारून चालायचंच नाही, त्यामुळे वाट बघणं आलंच.

आता मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आलेत, सायलेंट शटर असतं, पण स्टेजच्या एलईडी लाइटमध्ये त्याला कधीकधी पट्टे येतात म्हणून बरेच जण मेकॅनिकलच वापरतात, मान्य. पण फोकससाठी लागणारा तो लाल-हिरवा दिवा तरी बंद करा ना, सरळ गायकाच्या डोळ्यात जातो, मेनूत ऑप्शन असतो. आणि भारतीय बैठकीच्या समोर उभं राहू नका, मागच्यांनी पैसे देऊन तुमची पाठ बघायची का?

श्रोत्यांच्या मोबाईलवर वेगळी पोस्ट लागेल. अख्खी ठुमरी हात वर धरून रेकॉर्ड करणारे काका-काकू, तुमच्या स्क्रीनचा उजेड मागच्या चार रांगांना पुरतो, ब्राइटनेस कमी करा, शक्यतो खिशातच ठेवा.

पेपरवाले म्हणतील आम्हाला रात्रीचं पान लावायचंय, द्रुतापर्यंत कसं थांबणार. खरं आहे. मग कलाकार स्टेजवर येऊन नमस्कार करतो, सत्कार होतो, साथीदारांची ओळख होते, तेव्हा हवे तेवढे काढा की. फक्त तानपुरे जुळवायला घेतले की थांबा, आणि आयोजकांनी पण पासवर तसंच छापावं: बंदिश द्रुतात गेली की या.