अहो, खाली बसा

थायलंडला जाऊन आलो म्हटलं की ऑफिसातली मंडळी एक डोळा बारीक करून हसतात. भर एप्रिलात मी तिथे भाड्याच्या सायकलवरून विटा बघत हिंडलो, हे कुणाला पटायचं?

विटाही अशातशा नव्हेत. अयुथया १३५० च्या सुमारास वसलं, चारशेच्या वर वर्षं सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी म्हणून मिरवलं आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळलं. उरलेल्या विटांपैकी पुष्कळशा पुढे बँकॉक बांधायला नेल्या. "म्हणजे अर्धं अयुथया आपलं इथेच बघून झालं की!" असा बिनतोड मुद्दा मी बँकॉकच्या गार खोलीत मांडला होता. बायको एवढंच म्हणाली, "बूट घाला."

गावाला तीन नद्यांचा वेढा, त्यामुळे ते बेटच. स्टेशन पलीकडच्या काठाला. गाडीतून उतरा, होडीने पासाक नदी ओलांडा, मग सायकल हाणा. नकाशात सगळी देवळं अगदी एकमेकांना खेटून. नकाशात ऊन दाखवत नाहीत.

वाट फ्रा सी सान्फेतला (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ) तीन स्तूप ओळीने उभे आहेत. राजांच्या अस्थी त्यांत ठेवल्या होत्या, ही माहिती मी फलकावर दोनदा वाचली, कारण फलकाला सावली होती. वाटेत रोटी साय मायच्या टपऱ्या लागल्या. पातळ रोटीत म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे तंतू गुंडाळून खायचे. "आधी महाथात," बायको पॅडल न थांबवता म्हणाली.

तर वाट महाथात. झाडाच्या मुळांनी बुद्धाचं एक मस्तक विळख्यात घेतलंय; बाकी शरीराचा पत्ता नाही. मस्तक जवळजवळ जमिनीलगत, आणि फोटोत आपलं डोकं त्याच्या वर दिसता कामा नये. म्हणून सगळ्यांनी खाली बसायचं. रास्तच आहे, पण पन्नाशीनंतर माझ्या गुडघ्यांनी असल्या ऐहिक हालचालींतून संन्यास घेतलाय. बसलो कसाबसा. उठायला आधार कशाचा घेणार? भिंत ऐतिहासिक, झाड पवित्र. मागे रांग खोळंबलेली. शेवटी रखवालदाराने काखेत हात घालून उचललं.

बायको मोबाइलमध्ये बघत होती. "अहो, पुन्हा बसा. डोळे मिटलेत."

"त्यांचे मिटलेलेच आहेत."

"तुमचे म्हणतेय मी!"