राबणाऱ्या बायांचे गुडघे का जातात? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

सांधे हालचालीवर जगतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या आईंचं आयुष्य बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताच्या शेतात गेलं. पावसाळ्यात रोपलावण, मग भांगलण (खुरप्यानं तण काढणं), सुगीला कापणी, त्यानंतर ऊसतोड. आज त्यांना जिना चढवत नाही, खाली बसल्या तर आधाराशिवाय उठवत नाही. ‘हालचालीनं सांधे टिकत असतील तर माझ्या आईचे गुडघे गावात सगळ्यात चांगले असायला हवे होते. तुमचा लेख खुर्चीत बसणाऱ्यांसाठी आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. शिवाय स्नायू फक्त ओढतात, ढकलत नाहीत, हेही तुम्हाला पटलेलं नाही. पैलवान जोर मारताना जमीन ढकलतोच की, असं तुमचं म्हणणं.

हे दुसरं आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुणी जोर मारत असेल तर त्याच्या दंडाच्या मागच्या बाजूला नीट बघा. कोपर सरळ होताना तिथला स्नायू फुगतो. तो आखडतो, कोपरामागचं हाड ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि तळवा जमिनीला रेटतो. रेटा हाडाचा, ओढ स्नायूची. स्नायूच्या आत दोन प्रकारचे बारीक तंतू एकमेकांत सरकतात आणि त्यामुळे तो आखूड होतो, हे 1954 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एकाच वेळी मांडलं. स्वतःहून लांब होऊन ढकलायची सोय त्यात नाही. लांब व्हायला समोरच्या बाजूच्या स्नायूनं ओढावं लागतं.

आता यातली महाग बाब. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ हाडाला चिकटलेले असतात. कोपरापासून तळहातापर्यंत साधारण 35 सेंटिमीटर अंतर, पण दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून 4–5 सेंटिमीटरवरच बांधलेला. म्हणून हातात 5 किलो धरलं की त्या स्नायूला त्याच्या सात-आठ पट जोर लावावा लागतो, आणि त्यातला बहुतेक भार सांध्यावर दाबला जातो. इटलीतल्या जोव्हानी बोरेल्लीनं सतराव्या शतकातच हा हिशेब मांडला होता. गुडघ्याचंही तेच. सपाट रस्त्यावर नुसतं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. उकिडवं बसून उठताना मांडीच्या पुढचा जाड स्नायू वाटीवरून ओढ घेतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जबरदस्त दाबली जाते.

तर मग चालणंसुद्धा वाईटच का? नाही. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी कूर्चा (गुळगुळीत, लवचिक थर) असते, ती जेमतेम काही मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. भार आला की ओल्या स्पंजासारखं तिच्यातलं पाणी बाहेर येतं, भार उतरला की द्रव परत आत शिरतो. दाब आणि सुटका, दोन्ही लागतात. निरोगी गुडघ्यात हा द्रव चहाच्या चमच्याहूनही कमी असतो, पण सांध्याचं आतलं अस्तर तो सतत तयार करत राहतं. ‘गुडघ्यातलं तेल संपलं, आता चालू नका,’ असं वयस्क बायकांना सांगितलं जातं, त्याचं मला मनापासून दुःख होतं. चालणं थांबवलं की मांडीचा स्नायू बारीक होतो, आणि गुडघ्याला सांभाळणारा मुख्य स्नायू तोच. अंतराळवीरांच्या हाडांवर तर भारच नसतो, त्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते.

आता तुमच्या आईंकडे येतो. भांगलणीत बाई सकाळपासून उकिडवी बसते. सरकते ती वीतभर, पण गुडघा उघडत नाही. दाब आहे, सुटका नाही. कूर्चेच्या त्याच भागावर, दोन हाडांमधल्या गादीच्या मागच्या त्याच कडेवर भार तासन्‌तास राहतो. पैलवान बैठका मारतो तेव्हाही गुडघा पूर्ण वाकतो, पण प्रत्येक बैठकीत तो उघडतोही, आणि मेहनतीनंतर खुराक व झोप मिळते. (पैलवानाचे गुडघे दुखत नाहीत असं मला म्हणायचं नाही.) तुमच्या आईंच्या वाट्याला उकिडवं बसणं आलं, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं आलं, आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसणं आलं. ज्यांच्या कामात गुडघे वारंवार वाकवावे लागतात आणि अंगमेहनतही असते, अशा पुरुषांमध्ये पुढे गुडघ्याची झीज जास्त दिसते, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या दीर्घ पाहणीत 1991 मध्ये नोंदलं गेलं. म्हणजे तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. मात्र तुमच्या आईंना हालचाल जास्त झाली, असं मी म्हणणार नाही. एकाच स्थितीत अडकून भार जास्त झाला. निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका ओझं उचलत नाहीत, पण अडकून बसणं त्यांचंही असंच.

कमरेचं तर याहून वाईट. रोपलावणीला बाई कमरेत पूर्ण वाकते तेव्हा पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात. विद्युत नोंदी घेऊन हे दाखवलेलं आहे. मग सगळा ताण मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर (हाडांना एकत्र बांधणाऱ्या पट्ट्यांवर) आणि मधल्या चकत्यांवर येतो. ताठ उभं असताना चकतीत जेवढा दाब असतो, त्याच्या दुपटीहून जास्त दाब पुढे वाकल्यावर मोजला गेला आहे. बराच वेळ ताणलेले अस्थिबंध सैल पडतात आणि सरळ उभं राहिल्या क्षणी पूर्ववत होत नाहीत. नेमकं त्याच वेळी बांधावरून रोपांच्या पेंढ्या उचलून आणायच्या असतात, आणि तिथेच कमर धरते. वाकून उठल्यावर थोडा वेळ ताठ उभं राहून, चार पावलं चालून मगच ओझं उचलावं, हे मी प्रत्येक शेतमालकाला सांगू इच्छितो. हो, मालकाला. कारण उक्त्यावर लावण घेतलेल्या टोळीतल्या बाईनं विसावा घेतला तर तिची मजुरी बुडते, आणि बांधावरून ‘हात चालवा’ म्हणणारा तोच असतो. उभ्यानं चालवायचं कोळपं घेणं, लांब दांड्याचं खुरपं देणं, मोळी लहान बांधू देणं, हे त्याच्या हातात आहे. बाईला व्यायाम शिकवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि त्या बाबतीत तुमचा राग योग्य जागी आहे.

आईंसाठी आज काय करता येईल? खुर्चीवर बसून एक पाय सावकाश सरळ करायचा, मांडी घट्ट करून थोडं थांबायचं, मग सावकाश खाली. पुढे जमलं तर उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं. सपाट जागेवर रोज थोडं चालणं, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढणार नाही इतपतच. संडासाला आणि चुलीपुढे बसायला उंच आसन मिळालं तर ते औषधाइतकंच मोलाचं आहे. व्यायाम सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवाच.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला कळायला हवं: गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का, रात्री झोपेत दुखतो का? पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का? लघवीवरचा ताबा कमी झाला असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांना आजच दवाखान्यात न्या.